उसना आवाज

आमच्या शेजारच्या सुपडूनानांना अर्ध्या पिंप्राळ्याचा आवाज काढता येतो. नक्कल नव्हे हं. नक्कल ऐकून हसू येतं. नानांचं ऐकून अंगावर काटा येतो, कारण ज्याचा आवाज असतो ते माणूस तेव्हा दवाखान्यात असतं. एखादं तर त्याच्याही पुढे गेलेलं असतं.

हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझी लिंबू-मिरची वाचली असती. मी मूळची धुळ्याची. ह्यांची बदली झाली म्हणून जळगावला, या पिंप्राळ्यात आलो. पलीकडच्या घरात कमलअक्का, सत्तरीच्या, एकट्या. सोबतीला मनी नावाची मांजर. आम्ही आलो त्याच आठवड्यात त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे धुळ्याला गेल्या. दाराला कुलूप मी स्वतः पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या बंद घरातून कमलअक्का बोलल्या, “ये वं मनी, दूध पी ले. नखरा नको करू.” मागून त्यांचा तो कोरडा खोकलासुद्धा आला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ऊन लागलंय तुला, कमरेला कांदा खोचून फिर. मी कांदा खोचला, दाराला लिंबू-मिरची बांधली, मारुतीला तेल वाहिलं. कमलअक्का आपल्या बोलतच होत्या. शेवटी भीतीपेक्षा चोंबडेपणा वरचढ झाला आणि मी मागच्या खिडकीतून डोकावले. आत एक धिप्पाड, झुपकेदार मिशांचे गृहस्थ कमलअक्कांची शाल पांघरून उकिडवे बसलेले. पुढे बशी. त्या मिशांखालून बारीक बायकी आवाज येत होता आणि मनी निवांत दूध पीत होती. गृहस्थांनी मान वळवून मला पाहिलं आणि कमलअक्कांच्याच आवाजात मला गप्प राहायला सांगितलं.

मनीचं पिऊन झाल्यावर ते, म्हणजे हेच सुपडूनाना, मागच्या दाराने बाहेर आले. आता आवाज घोगरा, स्वतःचा. “घाबरू नका, ताई. आवाज उसना शे. अक्का उनी का परत करी देसू.” म्हणजे, अक्का आल्या की आवाज परत.

आम्ही बायका वाटीभर साखर उसनी नेतो ना, तसे नाना आवाज नेतात. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्यासारखीच चार-पाच रिकामी माणसं गोळा केली आणि एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची जनावरं सांभाळायला मदत करायचं काम काढलं. कोणाच्या कुत्र्याला अंघोळ घाल, कोणाची बकरी रिक्षात कोंबून जनावरांच्या दवाखान्यात ने, आणि रिक्षात लेंड्या पडल्या की रिक्षावाल्याच्या शिव्या खा. नानांचं म्हणणं असं की, म्हातारं आजारी पडलं की पोरं आधी कुत्रं हाकलतात आणि मग डॉक्टरला फोन करतात. म्हातारं बरं होऊन घरी येतं, तर दारात शेपूट हलवायला कोणी नाही. मग ते जे अंथरूण धरतं ते धरतंच. पटलं मला. मीही त्या टोळक्यात शिरले, त्यांच्यात बाई म्हणून मी एकटीच.

जनावर सांभाळणं सोपं, पण धनी नसला की ते खात नाही, आणि नानांचा आवाज कामी यायचा तो तिथे. कोणाचं ऑपरेशन ठरलं की नाना त्यांच्या घरी जाऊन तासभर डोळे मिटून बसायचे. चहा नको, पाणी नको. तुम्ही जनावराशी बोला, मी ऐकतो. परिणाम काय व्हायचा तो झाला. नाना ज्याच्या घरी ऐकायला बसले त्याचा नंबर लागला, असा गल्लीभर बोभाटा. मुरलीधरआबा तर नाना दिसले की तोंड गच्च मिटून घेत आणि आपल्या बकरीला पालासुद्धा खुणेने दाखवत. बकरी बिचारी गोंधळून नानांच्याच तोंडाकडे बघत बसायची.

एका रिटायर्ड मास्तरांचं कुत्रं होतं. मास्तर दवाखान्यातून आलेच नाहीत. कुत्र्याला नवं घर मिळालं, पण महिनाभर नाना रोज तिकडे जाऊन मास्तरांच्या आवाजात त्याला जेवू घालत होते. मास्तरांची सून म्हणे पदराने कान झाकून आत बसायची. हा आवाज आता कोणाला परत करणार, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, राहू द्या पडलेला.

नानांच्या स्वतःच्या घरातूनही दिवेलागणीला एका बाईचा आवाज यायचा. तो कोणाचा, हे मला कळत नसे. त्यांची बायको इंदूअक्का आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात नाना आणि ‘सायब’ नावाचं कुत्रं. काही काम न करता दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरतं, म्हणून इंदूअक्कांनीच ते नाव ठेवलेलं. मी आवाजाचं विचारलं की नाना लगेच वांग्याच्या भावावर घसरत.

मग परवाच्या उन्हाळ्यात एका कुत्र्याला अंघोळ घालताना नाना साबणावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की एवढ्यात त्या पायावर भार दिला तर पुन्हा चालणं विसरा. इकडे सायब खाटेखाली भिंतीकडे तोंड करून पडला. दूध, पोळी, मटणाचं हाडूक, कशालाही शिवेना. आम्ही फोनवरून नानांचा आवाज ऐकवला, तर त्याने फोन हुंगला आणि तोंड फिरवलं. हे कळल्यावर नानांनीही जेवण सोडलं आणि ते खाटेवरून उतरायला लागले. सिस्टरने दोनदा धरून बसवलं.

मला निरोप आला. गेले तर नाना नजर चुकवत म्हणाले, “मना आवाजले तो येत नही, ताई. कधीच उना नही. त्याले इंदूनाच आवाज लागस.”

म्हणजे रोज दिवेलागणीला ते हे करत होते. फोनवर तोही आवाज काढून पाहिला होता म्हणे त्यांनी, पण फोनमधली इंदू सायबाला चालत नव्हती. समोर बसून हाक मारणारं कोणी हवं होतं, आणि बायकी आवाजात अहिराणी बोलणारी टोळक्यात मी एकटीच. मग काय, भर वॉर्डात आमची शिकवणी सुरू झाली. मिशाळ नाना बारीक आवाजात म्हणायचे, “ये रे सायब, जेवी ले रे बेटा,” आणि मी त्यांच्यामागून. पोटातून नाही, नाकातून काढा, असं म्हणून ते मला रागवायचे. शेजारच्या पेशंटने भर उकाड्यात डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिचा आवाज घशात घेऊन मी दुपारी नानांच्या घरी गेले. खुंटीवरचा इंदूअक्कांचा स्वेटर अंगात घातला आणि खाटेपाशी बसून हाक मारली. पहिली हाक माझीच निघाली. दुसरी मात्र माझी नव्हती. माझ्या तोंडून कोण बोलतंय, असं मलाच वाटलं. खाटेखाली नखं वाजली. सायब बाहेर आला, स्वेटरच्या बाहीत नाक खुपसून बराच वेळ तसाच उभा राहिला आणि मग ताटलीकडे वळला.

तेवढ्यात सामाईक भिंतीपलीकडून कमलअक्कांचा झोपाळू आवाज आला, “इंदू, उनी का वं?” जरा वेळाने तिकडे पातेलं खाली पडल्याचा आवाज झाला. बहुधा अक्कांना पुरती जाग आली असावी.

मी तशीच रिक्षाने दवाखान्यात गेले. सायब जेवला म्हटल्यावर नानांनी डोळे मिटले. त्यांचा स्वतःचा डबा मात्र तसाच बंद होता. आता तुम्हीही खा म्हटलं, तर भूक नाही म्हणाले. थोड्या वेळाने भिंतीकडे बघत म्हणाले, “घरमा बी मी सायबले बोलावस, आन मंग उभ्या उभ्याच काहीतरी खाई लेस. माले जेवाले बोलावणारं कोणी नही.”

मी विचारलं, त्या तुम्हाला कशा बोलवायच्या, तेही शिकवा. नानांनी मान हलवली. अख्ख्या गावाचा आवाज काढणारा तो माणूस. “तेवढं माले येत नही. लई करी देखं.”

मग मीच अंदाजाने सुरुवात केली. स्वेटर अजून अंगातच होता. आवाज नाकातून घेतला आणि हळू म्हटलं, “उठा, जेवी ल्या. सायब जेवी गया.”

नाना उशीला रेलून बसले. मी डबा उघडून दिला. त्यांनी भाकरी मोडली, भाजीला लावली, पहिला घास खाल्ला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “भाजीमा मीठ कमी शे, वं.”

मला ते ताई म्हणतात. आजवर कधी ‘वं’, म्हणजे ‘अगं’, म्हणाले नव्हते. माझे डोळे भरून आले, पण मी ओठ घट्ट मिटले, कारण आता माझा स्वतःचा आवाज निघाला असता तर सगळंच संपलं असतं. मी उठले आणि मीठ आणायला खाली कँटीनमध्ये गेले.