कोहळ्याची टोपडी

धनजच्या बबनरावांनी परसातल्या कोहळ्याच्या रोपावरची टरफलाची टोपी चिमटीत धरली आणि हलकेच ओढली. टोपी निघाली खरी, पण तिच्याबरोबर रोपाचं मुंडकंही निघालं. मातीत नुसता हिरवा देठ उभा राहिला. बबनरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मुंडकं गुपचूप चुलीत टाकलं. दोन दिवसांतलं हे दुसरं मुंडकं होतं.

त्यांचे कारंज्याचे व्याही मारोतराव यांच्या घरचं कोहळं, म्हणजे तांबडा भोपळा, गोडीला पंचक्रोशीत नावाजलेलं. लेक पंचफुला अक्षय्य तृतीयेला माहेरी आली, तेव्हा मारोतरावांनी त्या कोहळ्याच्या सात बिया तिच्यासोबत पाठवल्या आणि निरोप दिला, की दिवाळीला तुमच्या वेलाची भाजी खायला येतो. वेल लावणं हे त्या घरात बबनरावांच्या बायकोचं, सुंदरबाईंचं काम. पण बिया व्याह्यांच्या, तेव्हा मान घरच्या कर्त्याचा, असं म्हणून बबनरावांनी त्या बायकोच्या हाती लागू दिल्या नाहीत. जन्मभर कपाशी आणि ज्वारी पेरलेल्या माणसाला सात बियांची काय मातब्बरी. कोंब लवकर दिसावा म्हणून त्यांनी बिया अगदी वरवर टोचल्या. सातांपैकी चार उगवल्या आणि चारही आपलं टरफल डोक्यावर घेऊनच वर आल्या. अंगावर माती कमी, त्यात वैशाखाचं ऊन. टरफल सुकून पानांवर घट्ट बसलं आणि पानं काही उघडेनात.

सुंदरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "अवो, त्याईले हात लावू नका. पानी मारा अन् वाट पाहा."

"टोपडं डोयावर आलेल्या लेकराले मानूस तसंच ठेवते काय?" बबनराव म्हणाले होते, आणि त्याच दिवशी पहिलं मुंडकं गेलं होतं.

आता राहिली दोन. येत्या सोमवारी मारोतराव सुनेला न्यायला येणार. परसात बिनमुंडक्याचे देठ पाहून ते काय म्हणतील, या विचारानं बबनरावांना भाकर गोड लागेना. गुरुवारी सकाळी मात्र त्यांना एकदम सुचलं. अडलेली बाई जी सोडवते, तिला अडलेलं रोप सोडवायला काय जड आहे? ते तडक नानीबाई सुइणीच्या दारात गेले. अर्धं धनज तिच्या हातून जगात आलं होतं, खुद्द बबनरावसुद्धा. दारात चारदोन माणसं बसलेली. त्यांच्यासमोर कोहळ्याचं नाव काढायची त्यांना लाज वाटली. ते एवढंच म्हणाले, "नानीबाई, चाल लवकर. अडलं हाये."

सत्तरीची नानीबाई गाठोडं काखोटीला मारून निघाली. घरी पोचल्या पोचल्या तिनं गरम पाणी मागितलं. पंचफुला घंगाळ घेऊन आली. बाई कुठं आहे, असं नानीबाईनं विचारलं, तेव्हा बबनरावांनी परसातल्या दोन रोपांकडे बोट दाखवलं. नानीबाईनं गाठोडं खाली टाकलं.

"बबन्या, तुई माय असती त आज तुले झोडपलं असतं," ती म्हणाली. पण आलीच होती, तर तिनं पाणी कोमट होऊ दिलं, फडक्याच्या दोन चिंध्या भिजवून टोप्यांवर ठेवल्या आणि त्या ओल्या ठेवायला सांगितल्या. नख लावायचं नाही, टरफल मऊ झालं की आपोआप गळतं. एवढं सांगून ती गेली.

काम सोपं झालं, पण नानीबाईच्या दारात बसलेल्यांत रामकिसन गाडीवान होता. बबनराव धावत आले, सुईण गाठोडं घेऊन गेली, लेक माहेरी आलेली. त्याला आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती. शुक्रवारी तो तूर घेऊन कारंज्याच्या बाजारात गेला आणि मारोतराव भेटताच त्यानं त्यांना सुनेला दिवस गेल्याचं सांगून टाकलं. त्यांची बायको प्रयागबाई गेली दोन वर्षं याच बातमीकडे कान लावून बसली होती. पहिलटकरणीची तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात, तीही गुपचूप. प्रयागबाई शनिवारी दुपारी खण, नारळ, गहू आणि पाच फळं घेऊन गुपचूप निघाल्या, सोबत सहा बायका आणि नवरा.

गाडी दारात उभी राहिली तशी सुंदरबाई गांगरल्या. प्रयागबाईंनी सुनेच्या चेहऱ्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली आणि नानीबाई काय म्हणाली ते विचारलं. पंचफुला खाली मान घालून उभी. बबनरावांच्या तेव्हा सारं ध्यानात आलं. दारी आलेली ओटी तशीच परत गेली, तर पोरीला सासरी जन्मभर टोमणे. आणि गप्प बसावं, तर चार महिन्यांनी त्याहून वाईट. त्यांनी मन घट्ट केलं.

"इवाईबुवा, नानीबाई पोरीपायी नोती आली. तुमच्या कोहळ्यापायी आली व्हती. दोन रोपं मी मारले, दोन राह्यले."

प्रयागबाई ओटीचं ताट मांडीवर घेऊन मटकन खाली बसल्या. मारोतराव परसात गेले, उकिडवे बसले आणि एका रोपावरची ओली चिंधी त्यांनी उचलली. "येवढ्याशा कामाले सुईन?" असं पुटपुटत त्यांनी टोपी चिमटीत धरली. सुंदरबाई हां हां म्हणेपर्यंत तिसरं मुंडकं त्यांच्या बोटांत आलं होतं.

चार दिवसांत पहिल्यांदाच बबनरावांना मोकळा श्वास आला. आपल्या व्याह्यांवर त्यांचं इतकं प्रेम आजवर कधीच दाटून आलं नव्हतं.

ओटीचा घोर मात्र तसाच होता. सहाही बायका हळू आवाजात सहा मतं देत होत्या. गाडी बघायला आलेली नानीबाई दाराशी टेकून ऐकत होती.

"भरा ना ओटी," ती म्हणाली. "मी गुरुवारीच पाह्यलं. पोरगी घंगाळ घेऊन आली तवाच. दोन महिने होऊन गेले."

"मंग सांगतलं काहून नाही?" सुंदरबाईंनी विचारलं.

"मले कोनं इचारलं? मले त कोहळ्यापायी बलावलं व्हतं."

सगळ्यांनी पंचफुलेकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला. आईला कसं सांगावं म्हणून ती आठ दिवस संधी शोधत होती, पण जेव्हा पाहावं तेव्हा सारं घर परसात वाकलेलं.

ओटी भरली. बबनरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. मग दोघे व्याही, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, उरलेलं एक रोप कसं आहे ते पाहायला परसाकडे निघाले. नानीबाई वाटेत काठी आडवी धरून उभी राहिली.

"तुमी दोघंबी आंगनात बसा. हे एक अन् थे एक, दोनी आपापल्या टायमाले भाईर येतीन."

दोघे निमूटपणे अंगणात गेले आणि हात मांडीवर ठेवून बसले.