राहेलमावशींच्या पदराच्या गाठी

राहेलमावशी समोरून येऊ लागल्या की आधी त्यांचा पदर नजरेत भरायचा. वाऱ्यावर उडणारा नव्हे, गाठींनी जड होऊन लोंबणारा. सोमवारी पदराच्या टोकाला एखादीच गाठ असे, बुधवारपर्यंत चार होत आणि शनिवारी त्या सोनारीसारख्या खेड्यांतून धुळीनं माखून परतत तेव्हा कधी नऊ, कधी अकरा. रविवारी चर्चमध्ये बसून त्या सगळ्या गाठी एकेक करून सोडायच्या. तेही नेमकं मी प्रवचनाला उभा राहिलो की.

मी तेव्हा परंड्याच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होतो. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझं वय पस्तीस, आणि आवाज असा की किल्ल्याच्या तटावरचे पारवे उडावेत. असं लोक म्हणत. मी ते खोडून काढत नसे.

मावशी आमच्या मिशनच्या बायबलबाई. गावोगाव जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगायचं आणि महिनाअखेर मला अहवाल द्यायचा, एवढं त्यांचं काम. त्यांचा अहवाल असा असायचा: ‘गाव सोनारी. प्रवचनं न्हाय. ऐकलं, धा जणींचं.’

“मावशी, तुम्ही सांगायचं असतं,” मी एकदा चिडून म्हणालो.

“सांगणारे लई हायत, पाळकसाहेब. चावडीवर पाटील सांगतो, घरात सासू सांगती. बाईनं सांगायचं कुणाला?”

काम तपासायला म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर सोनारीला गेलो. गजराबाई नावाची एक बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मावशी समोर बसल्या, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि मुकाट सोलायला लागल्या. अर्धा तास! मी दोनदा खाकरलो. भात शिजायच्या आत झाकण काढणाऱ्या पोराकडं बघावं तसं मावशींनी माझ्याकडं बघितलं.

शेवटी गजराबाई म्हणाली, “आमची म्हैस पान्हा चोरती.”

“मग?” मावशी म्हणाल्या.

हा एक शब्द म्हणजे मावशींची सगळी सेवा. त्या ‘मग?’वरून बाई म्हशीवरून दिरावर आली, दिरावरून सहा वर्षांत न दिसलेल्या माहेरावर, आणि तिथं पोचल्यावर रडायला लागली. “व्हय गं बाई,” म्हणून मावशींनी पदराला गाठ मारली. बायबलमधलं एक अक्षर नाही! मला राहवेना. दारात उभं राहून हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर मी दहा मिनिटं संदेश दिला.

परतताना म्हणालो, “संधी घालवलीत, मावशी.”

“तुमी बोलाया लागला अन् ती रडायची थांबली,” त्या म्हणाल्या. मला ती स्तुती वाटली.

पुढच्याच रविवारी माझं प्रवचन रंगात आलं असताना मावशींची एक गाठ सुटेना. त्यांनी पदर तोंडात धरून ती दातांनी ओढली. बायका खुदकन हसल्या. सोमवारी सकाळी मी मिशनच्या साहेबांना पत्र लिहिलं: ‘बाई थकल्या आहेत. संदेश देत नाहीत. उपासनेत पाळकाची टिंगल करतात.’ तिसरं वाक्य खोटं होतं, आणि ते लिहितानाही मला माहीत होतं. हे मी मंडळीसमोर आजवर कबूल केलेलं नाही.

दीड महिन्यानं कुर्डुवाडीच्या बसनं उत्तर आलं. बाईंना कामातून मोकळं करावं, मिशनच्या आवारातली खोली महिनाअखेर रिकामी करून घ्यावी. मावशींना दुसरं घर नव्हतं. आणि कागद त्यांच्या हातात मीच द्यायचा होता.

आठ दिवस तो खिशात घेऊन हिंडलो. मग एका दुपारी गेलो. मावशी सुपात जोंधळे निवडत होत्या. मी बसलो. त्यांनी अर्धे जोंधळे माझ्यापुढं ढकलले. मीही खडे काढू लागलो. बराच वेळ गेला.

“ऊन फार आहे,” मी म्हणालो.

“मग?”

मग सगळंच बाहेर आलं. पत्र, त्यातलं खोटं, साहेबांचा हुकूम. आणि जे सांगायला आलोच नव्हतो, तेही: “मावशी, दोन वर्षं झाली, प्रार्थनेला बसलो की पलीकडं कुणी आहे असं वाटतच नाही. म्हणून मोठ्यानं बोलतो. थांबायची भीती वाटते.”

त्यांनी क्षमा केली असं म्हटलं नाही, रागावल्याही नाहीत. “व्हय बाबा,” म्हणाल्या आणि पदराला गाठ मारली. मग विचारलं, “खोली कंदी सोडायची?”

“सोडायची नाही,” मी म्हणालो आणि घरी जाऊन दुसरं पत्र लिहिलं. त्यात सगळं खरं होतं.

रविवारी प्रवचनाला उभा राहिलो. मावशींनी पदर मांडीवर घेतला. पहिल्यांदाच मी त्यांच्या बोटांऐवजी ओठांकडं पाहिलं. प्रत्येक गाठीआधी ओठ हलत होते. गजराबाई. मग कुणी दुसरी. गाठ सुटली की डोळे मिटून त्या जरा थांबायच्या. ती त्यांची प्रार्थना होती! एका गाठीपाशी ओठांवर माझं नाव आलं, आणि मी वाक्याच्या मध्येच थांबलो.

कुणी खोकलंसुद्धा नाही. आढ्याला चिमण्या होत्या, लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती. मी बोलत नव्हतो आणि तरी काही कोसळलं नाही. त्या शांततेत कुणीतरी माझं ऐकत होतं. याहून नेमकं मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

बाहेर पडताना म्हातारे शमुवेलआबा हात धरून म्हणाले, “आजचं प्रवचन लई झ्याक! सगळं कळलं.”

साहेबांचं उत्तर आलं. मावशी राहिल्या. मला मिळालेला ठपका मी जपून ठेवला आहे. आज मी जो काही पाळक आहे, तो त्या सुपापुढं झालो.

आभार मानायला गेलो, तेव्हा त्या पुन्हा सूप घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, “मावशी, आता तुम्ही बोला.”

त्यांनी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय की काय म्हणून. “म्या? म्या काय बोलू?”

मी गप्प राहिलो. जन्मात इतकं अवघड काम केलं नव्हतं. खूप वेळानं त्या म्हणाल्या, “माझी कोंबडी अंड्यावर बसंना.”

कोंबडीवर मला पुष्कळ माहिती होती. ती गिळली.

“मग?”

सुपातले हात थांबले. “माझी पोरगी व्हती, पाळकसाहेब. सलोमी. सात वर्सांची. तापानं गेली. तवा सगळी आली. लांब लांब प्रार्थना केल्या, वचनं सांगितली. पोरीचं नाव कुणी काढलं न्हाय. मलाबी काढू दिलं न्हाय.”

त्याला तीस वर्षं झाली होती. अंगणातलं ऊन भिंतीवर चढेपर्यंत त्या सलोमीबद्दल बोलत होत्या. तिचा पडलेला दात. कोंबड्यांना ती कशी दटावायची. गोष्टी सांगता सांगता हसल्या, मग पदराच्या टोकाला डोळे पुसले.

मला पदर नव्हता. खिशातला रुमाल काढला आणि त्याला गाठ मारली.

“व्हय, मावशी.”

त्यांनी रुमालाकडं निरखून पाहिलं. “इतकी घट्ट न्हाय मारायची,” म्हणाल्या. “रविवारी दात लागत्यात.”