कोटावरचं हृदय

लग्नाच्या पंगतीत वामनअण्णांच्या शेजारी बसायला आमच्या हुबळीच्या केशवापुरात कुणी धजायचं नाही. दोन घास झाले की ते शेजाऱ्याकडं वळायचे आणि अगदी मायेनं विचारायचे, आत्ता खाल्लात तो लाडू कुठं पोचला असेल, सांगा बघू. शेजारी बिचारा म्हणायचा, पोटात. झालं. मग अण्णा तो लाडू अन्ननलिकेतून खाली उतरवायचे, जठरात घुसळायचे, लहान आतड्याच्या सगळ्या वळणांवरून सावकाश फिरवायचे. मोठ्या आतड्याशी पोचेपर्यंत मठ्ठा आलेला असायचा आणि शेजारी पान सोडून उठलेला असायचा. माझ्या सख्ख्या मामांनी असं अर्धं जेवण टाकलं होतं. पुढं कितीतरी वर्षं कुठल्याही लग्नाचं बोलावणं आलं की ते आधी विचारायचे, "तो मास्तर येणार आहे काय?"

अण्णा म्हणजे जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब नागपूरला. शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. गल्लीतलं दहावीचं प्रत्येक पोर ते फुकट उजळणीला धरायचे. धरायचे हाच शब्द बरोबर. दळण घेऊन चाललेल्या पोरीला भर रस्त्यात थांबवून स्वादुपिंड कुठं असतं ते विचारणारा माणूस दुसरं काय करतो?

घरात मराठी आणि शिकवताना, रागावताना कानडी, हे आमच्या हुबळीत सगळ्यांचंच. अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पुस्तक मुच्चु, बायि तेगी!" म्हणजे पुस्तक मीट, तोंड उघड. एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं बोलायचं. आकृती असली तर पाटीवर काढायची. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल खडूनं भरायचं. पुस्तकात ओळी रंगवणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. पुस्तक रंगवून डोक्यात काय शिरतं, कपाळ, असं म्हणायचे. फूल शिकवायला देवघरातलंच जास्वंद उचलायचे. पोरांनी पाकळ्या काढून परागकण बघितले की उरलेलं फूल पुन्हा देवाला. त्यांच्या गणपतीनं कधी पुरतं जास्वंद बघितलं असेल असं मला वाटत नाही.

आणि ते कॅलेंडर! एकदा विचारलेला प्रश्न ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणार, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या, मग तिसाव्या. आपण विसरायला लागतो तेवढ्यात विचारायचं, म्हणजे पक्कं बसतं, असं त्यांचं म्हणणं. मधे कुठं चूक झाली की सगळं पहिल्यापासून, म्हणजे परत उद्या यायचं. हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलेलं असायचं. पाच तारीख, रजनी, मूत्रपिंड. सहा तारीख, प्रभाकर, फुप्फुस. नवीन आलेल्या दूधवाल्याला वाटलं, घरात आजारी माणसांची यादी लावलीय. तो महिनाभर दारातूनच दूध ओतून पळायचा.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती पूर्वपरीक्षेत जीवशास्त्रात गचकले तेव्हा. गचकले तीही हृदयावर. आकृती रेखीव काढली होती, पण नावं लिहिताना डावं-उजवं उलटं करून बसले. उजवी कर्णिका, उजवी जवनिका हे हृदयाचे कप्पे डावीकडं, आणि डावे उजवीकडं, असं पुस्तकात होतं. मला वाटलं छापणाऱ्याचीच चूक, म्हणून मी माझ्या छातीवर हात ठेवून ती दुरुस्त केली. बाईंनी पाचपैकी भोपळा दिला.

आमचे अप्पा दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात होते. ते फार बोलायचे नाहीत, आणि बोलले की बदलायचे नाहीत. म्हणाले, एस.एस.एल.सी.त, म्हणजे दहावीत, एका विषयात जरी राहिलीस तर शिक्षण पुरे, अळणावरचं स्थळ चांगलं आहे. मला नर्स व्हायचं होतं. लहानपणी टायफॉईडमध्ये एका नर्सनं माझे केस विंचरून दिले होते, तेव्हापासून ते मनात घेतलेलं. अळणावरच्या त्या मुलात काहीच वाईट नव्हतं, पण रात्रंदिवस मला त्याचीच भीती वाटायची. शेवटी आईनं मला अण्णांच्या दारात नेऊन उभं केलं.

मी आणि माझी मैत्रीण रजनी बरोबरच जायचं म्हणत होतो. अण्णांनी रजनीला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तू गुरुवारी ये, म्हणाले. एका दिवशी एकच पोर, असा त्यांचा नियम. दोघी एकत्र आलो तर काय बिघडतं, असं आम्ही कितीदा विचारलं. गप्पा मारता, एवढंच उत्तर. खरं सांगायचं तर गप्पा मारायचे ते. प्रश्न एक आणि गप्पा दीड तास. वर चुरमुऱ्याचा चिवडा.

मी धडा घडाघडा म्हणून दाखवला. अण्णांनी मधेच अडवून एक शब्द विचारला, तर मला पुन्हा 'हृदय हा एक स्नायुमय अवयव आहे' इथपासून सुरुवात करावी लागली. त्यांनी कपाळावर हात मारला. मग उठले, खुंटीवरचा शाळेतला जुना काळा कोट अंगात घातला, आणि पांढऱ्या खडूनं त्या कोटावरच, छातीवर, हे एवढं हृदय काढलं. काढून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"बघ पद्मा. माझी डावी बाजू तुझ्या कुठल्या हाताला आली?"

"उजव्या."

"मग? पुस्तकातलं हृदय आपलं नसतं बाळ, समोर बसलेल्याचं असतं. समोर कोणी आहे असं धरून काढ, चुकणार नाहीस."

तेवढ्यात दार वाजलं म्हणून ते तसेच उघडायला गेले. पोस्टमन होता. छातीवर हृदय काढलेला मास्तर बघून त्याच्या हातातली पत्रं खाली पडली. मी पोट धरून हसले. पण त्या दिवसापासून माझं डावं-उजवं चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, चौथ्या दिवशी सांगितलं, दहाव्या दिवशी तर डोळे मिटून पाटीवर काढलं. परीक्षेत नेमकं तेच आलं. त्या हॉलमध्ये समोर पाठमोरी पोरगी बसली होती, तरी मला दिसत होता तो काळा कोटच.

पास झाले. जीवशास्त्रात तर चांगली पास झाले. पेढे घेऊन गेले तर अण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि कॅलेंडरावर महिन्यानंतरच्या तारखेत लिहिलं, पद्मा, हृदय. मी म्हटलं, अहो अण्णा, परीक्षा झाली की आता. ते म्हणाले, "परीक्षा झाली गं. उजळणी कुठं झाली?"

मला हसू आलं. ती तारीख आली तेव्हा मी बेळगावला नर्सिंगच्या गडबडीत होते, आणि ती माझ्या ध्यानातही नव्हती.

खोटं कशाला बोलू? पुढच्या पाच वर्षांत मी घरी कितीदा तरी आले. दोन दिवसांची रजा असायची. अण्णांच्या दारावरून जाताना मी पदर सावरून भराभर चालायची. सापडलो की दीड तास गेला, हे ठाऊक होतं ना! गल्लीतली नवी पोरं आता बसनं क्लासला जायची. तिथं छापील नोट्स मिळायच्या. अण्णांकडं कोण येणार?

एकदा आठ दिवसांची रजा होती. आई म्हणाली, जाऊन ये गं एकदा, हल्ली ते दारात उभं राहून आल्यागेल्याला नुसतं बघतात, काही विचारत पण नाहीत. अण्णा आणि विचारत नाहीत? तशीच उठून गेले.

दार उघडंच होतं. अण्णा आत चहा करत होते. मी सवयीनं कॅलेंडराकडं बघितलं. नवीन वर्षाचं होतं, पण प्रत्येक चौकोन भरलेला. रजनी, मूत्रपिंड. रजनी तर दोन मुलांची आई होऊन सोलापुरात होती. प्रभाकर, फुप्फुस. तो मुंबईला. एकोणीस तारखेला मी, हृदय. पाच वर्षं दर जानेवारीत ते आमची नावं नव्या कॅलेंडरावर उतरवत आले होते. आलेल्याच्या नावापुढं ते बरोबरची खूण करायचे. मी आख्खा महिना बघितला. एकही खूण नव्हती.

आणि प्रत्येक दिवशी एकच नाव. एका दिवशी एकच पोर. तो नियम कशासाठी होता हे मला तेव्हा तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. आम्ही दोघी-दोघी गेलो असतो तर त्यांचा दुसरा दिवस रिकामा गेला असता.

अण्णा चहा घेऊन आले. वाळले होते. माझी चौकशी केली, अप्पांची केली, पण प्रश्न काही विचारला नाही. मीच म्हटलं, "अण्णा, माझी उजळणी राहिलीय."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग सावकाश उठून खुंटीवरचा कोट घातला. त्यांना आता तो फार सैल झाला होता. समोर बसले आणि खडू माझ्या हातात दिला.

"पुस्तक मुच्चु," म्हणाले. पुस्तक नव्हतंच तिथं.

मी कोटावर हृदय काढलं. इस्पितळात चार वर्षं काढलेली बाई मी, झोपेतसुद्धा चुकले नसते. नावं लिहिताना मात्र त्यांच्या डाव्या बाजूला लिहिलं, उजवी जवनिका. उजव्या बाजूला लिहिलं, डावी. आणि खडू खाली ठेवला.

अण्णांनी मान खाली घालून छातीवरची अक्षरं उलटी वाचली. मग उठले, पेन्सिल घेतली आणि उद्याच्या चौकोनात, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाखाली, माझं नाव लिहिलं. पाठ माझ्याकडं होती.

"उद्या लवकर ये," ते म्हणाले. "चूक मोठी आहे. वेळ लागेल."