नवख्यांसाठी मार्गदर्शिका, अकरावी सुधारित आवृत्ती

ज्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या सुनेला जुळं झालं आणि दोघांची नावं ठरवायला घराण्याला चाळीस दिवस लागले, त्याच उन्हाळ्यात आमच्या तलास खोऱ्यातल्या पाणीपाळी प्रकल्पानं नवख्यांसाठीची मार्गदर्शिका सुधारायला घेतली. नव्या माणसाशिवाय कुठलंही काम टिकत नाही आणि माहिती दिल्याशिवाय नवं माणूस येत नाही, हे सर्वमान्य आहे. (किती माहिती दिल्यावर ते परत जातं, याचा अभ्यास व्हायचा आहे.)

आमचा प्रोग्राम कालव्याचं पाणी कुठल्या गावाला कधी सोडायचं ते ठरवतो. कालव्याच्या दारांची कुलुपंही त्याचंच ऐकतात. प्रोग्राम खुला आहे: आतला कोड कोणीही पाहावा, कोणीही दुरुस्त करावा. दुरुस्त करणारे मात्र चौघेच, आणि चौघेही एकमेकांचे मेहुणे. म्हणून समिती नेमली. मी तीस वर्षं पाटकरी होतो आणि अक्षरं एकावन्नाव्या वर्षी शिकलो, तेव्हा ‘नवख्यांचा प्रतिनिधी’ म्हणून मला घेतलं. मला काहीच विचारलं गेलं नाही, त्यामुळे मतभेदही झाले नाहीत.

जूनमध्ये पहिली नवखी आली. बेगायिम, खालच्या गावची, घरी राजम्याची शेती. तिनं चूक शोधून आणली होती. महिना एकतीस दिवसांचा असला की प्रोग्राम यादीतलं शेवटचं गाव गाळायचा. शेवटचं गाव तिचंच. मे कोरडा गेला होता; जुलैअखेरची पाळी हुकली तर राजमा जाणार होता.

चौघा मेहुण्यांतला थोरला, तेमिरलान, म्हणाला, “ही चूक आम्हाला दोन वर्षांपासून माहीत आहे.”

“मग दुरुस्त का नाही केली, दादा?”

“सोपी आहे ना! सोप्या चुका आम्ही नवख्यांसाठी राखून ठेवतो. आम्हीच केल्या तर तुम्ही काय शिकणार?”

(अशा राखीव चुका त्या वेळी एकशे सोळा होत्या. त्यांची निगा उत्तम राखली जाई.)

“बरं, मीच करते. हा प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरवर सुरू कसा करायचा, तेवढं सांगा.”

“मार्गदर्शिकेत आहे की.”

“कितव्या पानावर?”

“वाच, म्हणजे कळेल.”

मार्गदर्शिका तेव्हा चाळीस पानांची होती. तीत समितीचे अध्यक्ष कासिमाली यांची प्रस्तावना, समितीतल्या त्यांच्याहून धाकट्या सहा जणांचे आशीर्वाद (वयानुसार), आणि मग प्रोग्रामच्या सात पिढ्या. आमच्याकडे ज्याला आपल्या सात पिढ्या सांगता येत नाहीत त्या माणसाला कोणी धड बसवून घेत नाही. तेव्हा प्रोग्रामच्याही आधीच्या सात आवृत्त्या पाठ असाव्यात, हे ओघानंच आलं. बेगायिमनं स्वतःच्या सात पिढ्या एका दमात म्हटल्या. प्रोग्रामच्या पाचवीपाशी अडली.

कासिमाली हळहळले. “पोरी, पाचवा पूर्वज विसरलीस?”

“आजोबा, राजम्याला पूर्वज नकोत, पाणी हवंय!”

ही सूचना नोंदवून घेण्यात आली. ‘पाण्याचं महत्त्व’ हे प्रकरण वाढलं.

ती विचारायला आली की आमचं काहीतरी राहिलंय हे समितीला पटायचं, आणि मार्गदर्शिका सुधारायची. आवृत्ती बदलली की नवख्यानं पहिल्या पानापासून वाचावं, असा नियम होता (जुनं वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको). ती नऊ वेळा आली. पानं चाळीसची तीनशे सत्त्याऐंशी झाली. वाचकांच्या समाधानाची पाहणी केली. शंभर टक्के वाचक नाराज निघाले. वाचक एकच असल्यानं ही आकडेवारी बाद केली.

तीस जुलैला ती दारातूनच ओरडली, “दादा, मी सगळी वाचली. सुरू कसा करायचा, हे तीत कुठेच नाही!”

चौघा मेहुण्यांनी चाळून पाहिलं. खरंच नव्हतं. ते त्यांना इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलंच नव्हतं. लिहायला लागणार होती फक्त एक ओळ.

“मग आता तोंडानं सांगा ना!”

तेमिरलान चपापला. “तोंडी सांगितलं तर तुझ्यानंतर येणाऱ्याचं काय? त्यालाही मिळायला हवं. आधी लिहू दे.”

अकराव्या आवृत्तीत ती ओळ आली. ती समितीच्या सातही जणांनी तपासायची होती, वयानुसार. नऊ ऑगस्टला बेगायिमनं प्रोग्राम सुरू केला आणि चूक पाच मिनिटांत काढली. टाळ्या वाजल्या. तिचं नाव ‘यशस्वी नवखे’ या यादीत घातलं. यादी तिच्यापासूनच सुरू होते.

ती ओळ मलाही येत होती. रोज सकाळी कचेरी उघडून प्रोग्राम मीच सुरू करायचो. पण प्रतिनिधीनं विचारल्याशिवाय बोलू नये, असं मला वाटलं. तुम्हालाही मघाशीच वाटलं असेल की कोणीतरी त्या पोरीला सरळ सांगून टाकावं. वाटलं, आणि पुढे काय होतं ते बघायला तुम्ही वाचत राहिलात. समितीत एक जागा रिकामी आहे. तुमच्या नावाला कोणाची हरकत येणार नाही.

खालच्या गावचा राजमा, एकोणतीस शेतांतला, चार ऑगस्टला मेला.