फेसाची बंदूक

आमच्या समोरच्या महालिंगअप्पांना "काय अप्पा, गाडी धुतली का?" असं कुणी विचारलं, की त्यांना ऐकू येईनासं होई. विचारणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याचे कान गेले. तो पुन्हा मोठ्याने विचारी. मग अप्पा चष्मा काढत, धोतराच्या सोग्याला पुसत आणि सांगत, "धुतेत ते कापड. घासतेत ते भांडं. गाडीला न्हाऊ घालतेत."

त्यांचं हे न्हाऊ घालणं मी माझ्या एसटीडी बूथच्या काचेतून बघत असे. माझा बूथ आणि अप्पांची लाल गाडी एकाच वर्षी वडवणीच्या आमच्या गल्लीत आली. तो काळच तसा होता. जे पूर्वी नंबर लावूनही मिळत नव्हतं ते सगळं एकदम मिळायला लागलं होतं. बूथ निदान लोकांच्या उपयोगी पडला. गाडी मात्र लिंबाखाली उभी राही, आंघोळ करी आणि पुन्हा उभी राही.

आंघोळ ऊन चढायच्या आत. आधी नुसतं पाणी, टपावरून खाली. चाकं शेवटी. चाकांपासून सुरुवात करा, असं कुणी शहाण्याने सुचवलंच तर अप्पा विचारत, "तू पायावरून न्हातोस का बे?" रिठे आदल्या दिवशीच भिजत घातलेले असत. अंग पुसायला जुन्या मलमलीचा तुकडा. अप्पांचं पेठेत कापड दुकान होतं, त्यामुळे तुकड्यांना तोटा नव्हता. पण प्रत्येक तुकडा ते आधी स्वतःच्या गालावर घासून बघत. गालाला टोचतं ते गाडीला टोचतं, हा त्यांचा सिद्धांत. भर बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक धोतरजोडीचा भाव विचारतंय आणि दुकानदार डोळे मिटून गालावर चिंध्या फिरवतोय, हे आमच्या गावाने पाहिलं आहे. गिऱ्हाईक कंटाळून पलीकडच्या दुकानात जाई. अप्पांचं तिकडे लक्षही नसे.

ओरखडा हा त्यांचा जन्माचा वैरी. स्टँडवरचे जीपवाले सकाळी उठून कोरड्या फडक्याने बॉनेट फटाफट झटकतात, ते बघून अप्पांच्या अंगावर काटा येई. ते थांबून समजावत, "धूळ म्हंजी काय? बारीक दगुड. फडक्यानं पुसायलास म्हंजी दगडानं घासायलास." जीपवाले माना डोलावत आणि अप्पांची पाठ वळली की पुन्हा झटकत. पण स्वतःच्या गाडीला अप्पा कुणाला हात लावू देत नसत. टेकायला बंदी, बोट फिरवायला बंदी. शेळ्या, पोरं आणि अंगठ्या घालणारी माणसं यांना सारखाच न्याय. सुमनकाकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. त्यांनीसुद्धा दार उघडायचं तर बांगड्या कोपराकडे सारून, असा दंडक होता.

पण काकूंवर दार उघडायची वेळच येत नव्हती, हेच तर दुखणं होतं. त्यांचं माहेर लिंबागणेशला. दारात मोटार असताना ही बाई हातात पिशवी घेऊन एसटीने माहेरी जाई. लोक हसत. मीही हसलो होतो. एकदा भावाला फोन लावायला त्या बूथवर आल्या, लाइन लागत नव्हती, तेव्हा त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली.

नवीन लग्न झालेलं. अप्पांनी आपल्याच दुकानातलं मोरपंखी इरकल निवडून काकूंना नेसवलं आणि जोडीने सासुरवाडीला निघाले. मांजरसुंब्याला एसटी सोडली आणि रुबाब म्हणून पुढे भाड्याची सायकल. काकू मागे कॅरियरवर. वाटेत इरकलाचा काठ साखळीत गेला. लुगडं गुडघ्यापर्यंत फाटलं, वंगणाने काळं झालं. ते फाटकं टोक हातात धरून नवी नवरी वडिलांच्या अंगणात शिरली. सगळी भावकी जमलेली. काकूंचे वडील, त्यांना सगळे दादा म्हणत, रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जावई, पोरीला नीट आणत जा."

"तवापासून ह्यांनी मला सोता कधी नेलं न्हाई," काकू म्हणाल्या. "येष्टीत बसवून देतेत. ही गाडी त्या एका शब्दापायी घेतलीय, भाऊ. पण ह्यांचं 'नीट' काय व्हईना."

ते का होत नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं. लिंबागणेशपर्यंतचा रस्ता धुळीचा. उसाच्या गाड्या, खडी, उडती माती. तिथे पोचेपर्यंत गाडी पार मातकट होणार. मळकी गाडी दादांच्या दारात उभी करायची नाही. वाटेत पुसायची, तर धुळीवर हात फिरवावा लागणार. हात फिरला की ओरखडा. ओरखड्याची गाडी दारात नेली की पुन्हा तोच शब्द ऐकायचा. म्हणून गाडी लिंबाखाली.

यातून वाट दाखवली केबलने. गल्लीत नवीनच केबल आली होती. कुठल्याशा परदेशी चॅनेलवर अप्पांनी एक गोरा माणूस पाहिला. त्याने हातातल्या बंदुकीतून गाडीवर फेस मारला. गाडी फेसात दिसेनाशी झाली. जरा वेळाने धूळ आपोआप सुटून फेसाबरोबर खाली ओघळली. मग पाण्याची धार, आणि गाडी लख्ख. हात कुठे लागलाच नाही. अप्पा तडक बूथवर आले आणि पुण्याच्या पुतण्याला फोन लावायला सांगितला. लाइन खराब होती, त्यामुळे अप्पा ओरडून बोलत होते. "बंदूक पायजे, बंदूक! पुण्यात मिळतीया का बघ."

नेमके त्याच वेळी आमच्या गावचे हवालदार नंबर लावून बाकड्यावर बसले होते. फोन संपल्यावर त्यांनी अप्पांना शेजारी बसवून घेतलं.

"किती नळीची पाहिजे?"

"एकच. पर दाब जोराचा पायजे."

"मारायची कुणावर?"

"गाडीवर."

"कुणाच्या?"

"मपल्याच," अप्पा म्हणाले. "दुसऱ्याच्या गाडीवर कावून मारू?"

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फेस समजावून सांगितला. ते स्वतःचा फोन न करताच निघून गेले. पण तेव्हापासून गावात अप्पांचं नाव 'बंदूकवाले अप्पा' पडलं ते पडलंच. पुतण्याचं उत्तर आलं की असली वस्तू पुण्यात कुणी ऐकलेलीसुद्धा नाही.

मग एक दिवस बूथवर काकूंच्या थोरल्या भावाचा पीपी कॉल आला. मी काकूंना हाक मारली. पाठोपाठ अप्पाही आले. दादांची नजर झपाट्याने चालली होती. डॉक्टर म्हणत होते, आता इलाज नाही. अजून जवळचं धूसर दिसतं, तेही फार दिवस नाही. गाडी दाखवायची असेल तर उशीर करू नका, एवढंच भावाचं म्हणणं. काकूंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं नीट हुईस्तोवर दादांचे डोळे जातेल."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं नाही. ते सलीमभाईकडे जाऊन बसले.

सलीमभाई स्टो आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बंदूक मिळत नाही तर फवारणीच्या पंपाचीच करू, हे दोघांचं ठरलं. तेलगावच्या एका पाहुण्याकडून अप्पांनी कापसावर मारायचा पंप आणला. तो धुवायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या प्रयोगाला रिठ्याच्या पाण्याबरोबर कापसाचं औषध गाडीवर पडलं. सगळी गल्ली नाकाला पदर लावून फिरत होती, डास गाव सोडून गेले. सलीमभाई गंभीरपणे म्हणाला, "अप्पा, अब इस गाडी को बोंडअळी नै लगती."

नवा पंप आला. पण त्यातून फेस येईना, नुसते तुषार येत. अप्पांचं खाण्यापिण्यात लक्ष लागेना. एका दुपारी काकू चहा गाळत होत्या. पातेलं उंच धरल्यामुळे गाळणीखाली कपात फेस जमला. अप्पा टक लावून बघत राहिले आणि चहा तसाच टाकून गाळणी घेऊन पळाले. सलीमभाईने गाळणीची जाळी कापून, गुंडाळून पंपाच्या तोंडात बसवली आणि तिच्याआधी हवा शिरायला बारीक भोक पाडलं. काकूंनी घरात पुढे कित्येक दिवस चहा पदराने गाळला.

मग लिंबाखाली अख्खी गल्ली जमली. सलीमभाईने दांडा मारला, अप्पांनी नळी रोखली. आधी फुर्र झालं, मग फुस्स झालं, आणि मग फेस आला. धार काढताना चरवीत येतो तसा, दाट, पांढरा. टप गेला, काच गेली, लाल रंग कुठे दिसेना. अप्पा आम्हाला म्हणाले, "आता कुणी हात लावू नगा." आम्ही सगळे श्वास रोखून उभे. फेस हळूहळू खाली सरकला, खाली पडताना तपकिरी झाला, आणि पाण्याची धार मारल्यावर जी गाडी निघाली तिच्यात मी माझं तोंड पाहिलं. टाळ्या वाजल्या. काकू दारातून म्हणाल्या, "मग निघायचं कवा?"

निघालो. पंप मारायला माणूस पाहिजे म्हणून मला बरोबर घेतलं होतं. मागच्या सीटवर मी, पंप, रिठ्याच्या पाण्याचा कॅन आणि साध्या पाण्याच्या घागरी. पुढे काकू, अंगावर नवं मोरपंखी इरकल. काठ दारात सापडू नये म्हणून अप्पांनी तो स्वतः उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, मगच दार लावलं. गाडी इतक्या बेताने चालली होती की एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं. बैलगाडीवाला वळून वळून बघत होता. उसाचा ट्रॅक्टर समोरून दिसला की अप्पा रस्ता सोडून बाभळीखाली जाऊन उभे राहत. काकूंनी एकदाही तक्रार केली नाही.

लिंबागणेशच्या अलीकडे एका विहिरीपाशी, झाडाच्या सावलीत आम्ही थांबलो. गाडी मातीच्या रंगाची झाली होती. मी दांडा मारू लागलो. फेस निघाला तशी रानातली माणसं धावत आली. पांढरा ढीग उभा राहिला, ओघळला, आणि आतून लाल गाडी निघाली तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. अप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून वाकून बघितलं. एक ओरखडा नव्हता. तेव्हा ते काकूंना म्हणाले, "बस आता." इतकं ताठ बसून गाडी हाकणारा माणूस मी पाहिला नाही. मागे निम्मं गाव पळत होतं.

दादा ओट्यावर घोंगडीवर बसले होते. काठी टेकत उतरले. काकू म्हणाल्या, "दादा, गाडी आणलीय. ह्यांनी आणलं मला."

"कुठंय?" दादांनी विचारलं. त्यांनी मान इकडेतिकडे फिरवली आणि माझ्या ध्यानात आलं की आम्ही उशीर केला होता. त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी काठी काकूंच्या हातात दिली आणि दोन्ही हात पुढे पसरले. उजव्या मनगटात चांदीचं जाड कडं होतं.

हात बॉनेटवर पडला. कडं कर्रकन वाजलं. मी धरायला पुढे झालो, तर अप्पांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"थांबा, बूथवाले," ते हळू आवाजात म्हणाले. "बगायलेत ते."

नांगर धरून राठ झालेला तो तळवा पूर्ण गाडीवरून फिरला. बॉनेट, काच, दार, मागची डिकी, पुन्हा पुढे. कडं वाजतच होतं. अप्पा शेजारून चालत होते आणि सांगत होते, "मामा, ह्यो दिवा हाय. ह्यो आरसा. हितं तुमची लेक बसतीया." जिथे रंग लाल आहे तिथे लाल आहे असंही त्यांनी सांगितलं.

गाडी संपली तसे दादा लेकीकडे वळले. त्यांनी तिचा पदर चाचपला, मग वाकून निऱ्या, मग काठ. काठ बोटांत धरून त्यांनी तो इकडून तिकडे सावकाश तपासला. कुठे फाटला नव्हता, कुठे चिकट नव्हता.

"जावई," ते म्हणाले, "नीट आणलं हो पोरीला."

अप्पांनी चष्मा काढला, सोग्याला पुसला, आणि पुसतच राहिले. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडतही होत्या. मला तर त्या वेळी आपणच काहीतरी जिंकलंय असं वाटलं.

येताना अप्पांनी सकाळच्या बैलगाडीवाल्याला हॉर्न वाजवून मागे टाकलं. पुढे काकू दर सणाला मोटारीनेच माहेरी गेल्या, आणि काठ मांडीवर ठेवल्याशिवाय दार कधी लागलं नाही.

गाडीवर बॉनेटपासून डिकीपर्यंत एक वेडीवाकडी रेघ उठली होती. सलीमभाई म्हणाला, पॉलिश मारून घालवून देतो, कळणारसुद्धा नाही. अप्पांना ऐकूच आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, तरी ऐकू आलं नाही.

न्हाऊ घालणं तसंच चालू राहिलं. बंदूक, फेस, हात न लावता. मात्र फेस ओघळून ती रेघ उघडी पडली, की अप्पा बंदूक खाली ठेवत, तांब्याने पाणी सोडत आणि तेवढ्या जागेवरून स्वतःचा उघडा तळहात फिरवत.