पहिली पत्रिका

रविवारी दुपारी यज्ञेश्वरांनी घेतलेला निर्णय अगदी लहान होता. आधी सामना, मग गणपती.

नीरजाने त्यांच्या हाती मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका दिली होती. लालभडक, कुंकू लावलेली, गठ्ठ्यातली पहिली. ती कसब्यातल्या गणपतीपुढे ठेवल्याशिवाय दुसरी कुणाला द्यायची नाही, हा घरचा नियम.

"सरळ देवळात जा. मध्ये कुठं थांबू नका."

"छे, कुठं थांबतोय!" यज्ञेश्वर म्हणाले. (सदऱ्याच्या आत रेफरीचा काळा शर्ट होता. तो तिला दिसला नाही, असं त्यांना वाटलं.)

लग्नाची घाई होती. सासरे गेल्या चैत्रात गेले. लग्न वर्षाच्या आत व्हायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबा. वडीलधारं माणूस उरलं नाही, म्हणून पत्रिकेत निमंत्रक म्हणून यज्ञेश्वरांचं नाव होतं. सासऱ्यांची रेफरीची शिट्टीही त्यांच्याकडेच आली होती. ती गळ्यात घालताना ते अजून क्षणभर थांबत.

नवरा मुलगा गोपाळकृष्ण एका संघाचा गोलकीपर. नवरी श्यामला, आणि तिचा भाऊ दीनानाथ समोरच्या संघाचा फॉरवर्ड. अशा सामन्यात शहाण्या माणसानं शिट्टी फुंकू नये. पण नेमलेला रेफरी तापानं पडला होता, आणि यज्ञेश्वरांना कुणालाच 'नाही' म्हणता येत नसे. (तेवीस वर्षं ते कारकूनच राहिले, ते यामुळेच.)

त्र्याऐंशी मिनिटं झाली तरी एकही गोल नव्हता. चेंडू मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होता. यज्ञेश्वर तिकडे धावता धावता सहज मागे वळले. गोलसमोरच्या चौकटीत दीनानाथ गोपाळकृष्णाला म्हणत होता, "काय हो जावईबापू, दोनदा चेंडू सुटला हातातून. बोहल्यावर हार तरी नीट धराल ना?"

गोपाळकृष्णानं त्याच्या नाकावर ठोसा मारला.

शिट्टी वाजली. चेंडू तोवर घरंगळत रेषेबाहेर गेला. सगळे यज्ञेश्वरांभोवती जमले.

"भाऊजी, चेंडू बाहेर होता!"

"आत होता! पेनल्टी द्या!"

रेषेबाहेर खुर्चीवर श्यामलाचे वडील बसले होते. नुसते बघत होते.

सासरे नेहमी सांगत, कार्ड एक आणि खेळ पुन्हा कुठून सुरू करायचा ते दुसरं, दोन्हींची गल्लत करू नकोस. मारणारा बाहेर जाणारच. पण चेंडू आधी बाहेर गेला असेल तर नुसता थ्रो-इन. चेंडू खेळात असताना मारलं असेल तर जिथं मारलं तिथून, आणि आपल्या चौकटीत मारलं असेल तर पेनल्टी.

थ्रो-इन म्हणजे सामना बरोबरीत, आणि घरी शांतता. यज्ञेश्वर हडपसरच्या लाइनमनकडे गेले.

"बजरंग, आधी काय झालं? चेंडू गेला की ठोसा बसला?"

"म्या चेंडूकडं बघत व्हतो, सायेब. ठोसा तुमीच बघितला की."

म्हणजे खरं काय ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा हात शिट्टीकडे गेला, मग खिशाकडे. त्यांनी लाल कार्ड काढून उंच धरलं आणि दुसऱ्या हातानं पेनल्टीची जागा दाखवली.

गोपाळकृष्ण मान वर करून कार्डाकडे बघतच राहिला.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "यावर माझंच नाव आहे."

खरं कार्ड झाडाला टांगलेल्या सदऱ्यात होतं. पण दिलेला निर्णय बदलायचा नसतो. यज्ञेश्वरांनी सवयीनं पेन्सिल काढली आणि त्या पत्रिकेवरच नोंद केली.

नाकात कापूस घालून दीनानाथनंच पेनल्टी मारली. गोल. सामना संपला. श्यामलाचे वडील उठले आणि थेट यज्ञेश्वरांकडे आले.

"थ्रो-इन दिला असतात," ते म्हणाले, "तर आज घरी जाऊन लग्न मोडणार होतो. मुलाला म्हणावं, माफी मागायला उद्या सकाळी या. चहा पिऊन येऊ नका."

यज्ञेश्वर तरंगतच घरी आले. बातमी आधीच पोचली होती. नीरजाने हात पुढे केला, पत्रिका घेतली, वाचली आणि ती घेऊन स्वयंपाकघरात गेली. दोन मिनिटांनी बाहेर आली.

"दुपारी निघालात तेव्हा कुठं चालला होतात?"

"गणपतीला."

"मग खेळ तिथूनच सुरू करा."

"अगं, ही मळलीय. दुसरी देतेस?"

"पहिली एकच असते."

देवळात गुरुजींनी चष्मा चढवला आणि पत्रिका मोठ्यानं वाचू लागले. "चिरंजीव गोपाळकृष्ण... क्रमांक एक, त्र्याऐंशीवं मिनिट, हिंसक वर्तन, बाहेर." त्यांनी वर पाहिलं. "मुलीकडच्यांना कल्पना आहे?"

"त्यांच्यासमोरच झालं."

"बरं. आणि हे खाली, बायकी अक्षरात? निमंत्रकाच्या नावापुढं?"

यज्ञेश्वर वाकले. नीरजाचं अक्षर नेहमीच सुवाच्य.

'खोटं बोलून गेले. सायंकाळी सात. बाहेर. जेवण देवळातच बघावं.'