रेडिओ तेवढा राहिला

रविवारी सकाळी नऊ वाजता बेबी लॅपटॉप काखोटीला मारून माहेरी आली, तेव्हा अण्णा फाटकाशी उभे राहून गाडीचं बॉनेट पुसत होते. बेबी आता छत्तीस वर्षांची होती आणि एका बड्या कंपनीत ऑडिटर होती. भल्या भल्या मॅनेजरांना ती घाम फोडायची म्हणे. पण घरात ती बेबी ती बेबीच.

"अण्णा, फडकं ठेवा आणि बिलांची फाइल आणा. आज हिचा काय तो सोक्षमोक्ष लावू."

"हिचा" म्हणजे गाडीचा. पिस्ता रंगाची, सव्वीस वर्षांची गाडी. रंग पिस्ता होता हे आता सांगावं लागे, ही गोष्ट वेगळी.

सोक्षमोक्षाची भानगड तशी जुनी. दहा वर्षांपूर्वी, अण्णा नुकतेच रिटायर झाले होते, तेव्हा गाडीचं इंजिन उतरवावं लागलं होतं. तो आकडा ऐकून माईंचा पारा चढला आणि त्यांनी भर जेवणात जाहीर करून टाकलं, "ज्या वर्षी हिच्या दुरुस्तीला तुमच्या एका महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त लागतील, त्या वर्षी ही भंगारात जाईल. सांगून ठेवते!" माई रागाच्या भरात बोलल्या आणि तासाभरात विसरल्याही असत्या. पण बेबीने ते तारखेसकट लिहून ठेवलं. तिला लहानपणापासून ही खोड. शाळेत असताना ती शेजाऱ्यांनी नेलेल्या वाटीभर साखरेचीसुद्धा नोंद ठेवायची.

तेव्हापासून दर वर्षी खर्च पेन्शनच्या आतच राहिला. जरासा आत, पण आत. गाडी म्हातारी होत चालली, पार्ट मिळेनासे झाले, तरी खर्च काही वाढेना. अण्णा म्हणायचे, "मिस्त्रीच्या हाताला गुण आहे. सगळं जमतं त्याला. रेडिओ तेवढा राहिला." रेडिओ नऊ वर्षांपूर्वी बंद पडला होता. दर सर्व्हिसिंगला अण्णा तो दाखवायचे आणि दर वेळी मिस्त्री मान हलवून म्हणायचा, "याचं काय दुखतंय तेच कळत नाही साहेब."

बेबीने जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. एकेक बिल घेऊन आकडे टाकत गेली. अर्ध्या तासाने तिच्या कपाळाला आठी पडली. तिने पुन्हा बेरीज केली.

"अण्णा, क्लच प्लेट एवढ्यात होते?"

"ओळखीचा माणूस आहे," अण्णा पेपरमागून म्हणाले.

"आणि रेडिएटर? एवढ्यात तर माझ्या कुकरचं झाकण येत नाही!"

"भला आहे गं मिस्त्री," माई स्वयंपाकघरातून घाईघाईने म्हणाल्या. "अशी माणसं राहिली नाहीत आता."

बेबी खुर्चीत मागे रेलली. "कमाल आहे. पेट्रोल, विमा, टायर, दुरुस्ती सगळं धरून ही गाडी माझ्या स्कूटरपेक्षा स्वस्त पडतेय. मी इतकी वर्षं उगाच हिच्या नावाने बोटं मोडली."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. त्यांची छाती चांगली वीतभर फुगली. हा आनंद त्यांना जेमतेम मिनिटभर मिळाला.

"म्हणजे मग मी नवी गाडी कशाला बुक करू?" बेबी म्हणाली. "नवं ऑफिस चाळीस किलोमीटरवर आहे. ही मीच नेते! तुम्हाला आता लागते किती? भाजी आणायला आणि बँकेत जायला. त्याला रिक्षा बघा."

माई पळी हातात घेऊन दारात आल्या.

"अगं, पण ती जुनी झालीय," अण्णा म्हणाले.

"तुम्हीच म्हणता, जुनं काम भक्कम असतं."

"तिचे ब्रेक वेळेवर लागत नाहीत," माई म्हणाल्या.

"मार्चमध्ये नवे बसवलेत. हे बघ बिल."

"पहिल्या चावीला सुरू होत नाही गं ती कधी," अण्णांनी नेट लावला. "थंडीत तर ढकलावी लागते. तुला कोण ढकलेल रोज? चल, दाखवतोच."

तिघंही खाली गेली. अण्णांनी चावी फिरवली आणि नऊ-दहा वर्षांत पहिल्या चावीला कधी सुरू न झालेली ती गाडी लाडाने गुरगुरत एका दमात सुरू झाली. ऐन पाहुण्यांसमोर पोराने आपलं पितळ उघडं पाडावं तसा अण्णांचा चेहरा झाला. बाहेरून कधीच न उघडणारं मागचं डावं दारसुद्धा बेबीने नुसता हात लावला आणि उघडलं.

"छान आहे की!"

अण्णांनी मुद्दाम खड्डे बघून बघून गाडी घातली. गाडी हूं की चूं करीना. पहिल्या वळणावर मात्र डॅशबोर्डच्या आत काहीतरी खळ्ळकन एका बाजूहून दुसऱ्या बाजूला घरंगळलं.

"हे काय वाजतंय?" बेबीने विचारलं.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. "बघ! सगळीकडून खिळखिळी झालीय. ते तुझं नाणं आहे."

"माझं?"

"गाडी आणली त्या दिवशीच तू त्या फटीत नाणं टाकलंस. पेट्रोलसाठी म्हणालीस, गाडीला भूक लागली तर. दहा वर्षांची होतीस. मिस्त्री म्हणाला होता, डॅशबोर्ड खोलला की निघेल. मीच नको म्हटलं."

बेबीने मागच्या सीटवरून हात फिरवला. सीटवर तिच्या दहावीच्या परीक्षेच्या दिवशी सांडलेल्या शाईचा डाग अजून होता. घाटात गाडी तापली होती तेव्हा तिघं दगडांवर बसून पाव खात इंजिन थंड होण्याची वाट बघत होती, तेही तिला आठवलं. त्या दिवशी अण्णा किती हसले होते! पुढच्या वळणावर नाणं पुन्हा वाजलं.

"अण्णा," ती म्हणाली, "आता तर मी ही नेणारच. परक्या माणसाला द्यायची कल्पनाच सहन होत नाही मला."

अण्णांनी शेजारी बसलेल्या माईंकडे पाहिलं. माईंचा चेहरा पडला होता. गाडी घरात नको म्हणणारी बाई हिरमुसली का, हे काही त्यांना कळेना. पण विचार करायला वेळ नव्हता. "एकदा मिस्त्रीला विचारू," ते म्हणाले. "जाणता माणूस आहे. तो म्हणाला ने, तर ने."

मिस्त्रीचं गॅरेज रविवारी दुपारपर्यंत उघडं असे. तो एका गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि सबंध कुटुंब बघून दचकलाच. बेबीच्या पाठीमागे उभे राहून अण्णा हात हलवून खुणावत होते, वाईट सांग, वाईट सांग. दुसऱ्या अंगाला माई पदराआडून तसाच हात हलवत होत्या. पण मिस्त्रीला गेली दहा वर्षं एकच शिकवण होती. साहेबांच्या घरचं कुणी आलं की गाडीची तारीफ करायची. त्याने या खुणांचा अर्थ "आणखी जोरात" असा घेतला.

"ताई, सोनं आहे सोनं! अजून दहा वर्षं हात लावायला नको."

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"ते दिसतंयच," बेबी म्हणाली, "पण बिलं एवढी कमी कशी हो? मला तुमची वही बघायचीय."

मिस्त्री कान खाजवायला लागला. त्याने साहेबांकडे पाहिलं. अण्णांनी सुस्कारा सोडून मान डोलावली. आता गाडी वाचवायची तर खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता. मिस्त्रीने वहिनींकडे, म्हणजे माईंकडे पाहिलं. त्यांनीही मान डोलावली. आपण उघड करतोय ते फक्त आपलंच गुपित, अशी दोघांची समजूत होती.

वहीत प्रत्येक कामापुढे तीन रकाने होते. बिल. साहेब. वहिनी.

"हे काय आहे?"

"आता लपवून काय करू ताई," मिस्त्री म्हणाला. "काम आलं की आधी वहिनींचा फोन येतो. खरा आकडा मला सांग, साहेबांना निम्माच सांग, बाकीचे मी देते, पण त्यांना कळू द्यायचं नाही. मग साहेब येतात. त्यांना निम्मा सांगितला की ते म्हणतात, बिलावर याच्या निम्माच लिही, बाकीचे रोख घे, पण घरी कळू द्यायचं नाही."

"म्हणजे बिलावर आहे ते निम्म्याचं निम्मं!"

"तेच की. मी कुणाचा एक पैसा जास्त घेतला नाही, ताई. उलट डोक्याला ताप झाला."

अण्णा माईंकडे बघत राहिले. माई अण्णांकडे.

"तुम्ही कुठून आणत होता पैसे?" माईंनी विचारलं.

"गुडघ्याच्या औषधांचे," अण्णा पुटपुटले. "गुडघा तसा दुखत नाही माझा."

"दुखत नाही? अहो, इतकी वर्षं मी रोज तेल चोळतेय त्या गुडघ्याला!"

"तू चोळत होतीस म्हणून मग सांगणं बरं दिसेना. आणि तू? तू कुठून आणलेस?"

"शिवणयंत्राच्या दुरुस्तीचे म्हणून काढून ठेवायची."

"तरीच! मी म्हणायचो, ते यंत्र माझ्या गाडीपेक्षा जास्त कसं बिघडतं."

बेबीने खरे आकडे घालून पुन्हा बेरीज केली. बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली. "एवढ्यात नवी गाडी आली असती."

"दीड," मिस्त्री विनयाने म्हणाला.

बेबीने लॅपटॉप मिटला. "मला नको. मला नाही परवडायची ही."

अण्णांनी असा श्वास सोडला की शेजारचा पंक्चरवाला वळून बघायला लागला. माईंनी चक्क डोळे टिपले.

"पण माई, तुला तर नको होती ना गाडी? माझ्याकडे तारखेसकट लिहिलंय."

"लिहायची कशाला गं प्रत्येक गोष्ट!" माई फणकारल्या. "माणूस रागात बोलतो एखादं वाक्य. मग तेच दहा वर्षं निस्तरत बसायचं."

बेबीला हसू आलं. "बरं बाई, राहू दे गाडी. माझ्याकडून तुम्हाला एक नवा रेडिओ भेट. तेवढाच राहिलाय ना?" असं म्हणत तिने वहीचं पान उलटलं आणि ऑडिटरच्या सवयीने मोठ्याने वाचलं, "रेडिओ न दुरुस्त करणे. पन्नास. वहिनींकडून."

तिने पुढचं पान उलटलं. तिथेही तेच. प्रत्येक सर्व्हिसिंगला तेच, नऊ वर्षं.

मिस्त्री मुकाट्याने गाडीखाली सरपटत निघून गेला.

"न दुरुस्त करणे?" अण्णा म्हणाले. "म्हणजे काय?"

माई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "घरात तुम्ही पेपरच्या मागे असता. पेपर संपला की टीव्ही. टीव्ही संपला की झोप. रेडिओ होता तेव्हा गाडीतही बातम्याच ऐकायचात. तो बंद पडला आणि तुम्ही बोलायला लागलात. ऑफिसातलं, लहानपणचं, काय काय सांगता. भाजी आणायला मी उगाच लांबच्या मार्केटला नाही जायला लावत तुम्हाला. मला ते ऐकायला बरं वाटतं. झालं समाधान?"

अण्णा गाडीत जाऊन बसले. बेबी मागे बसली, माई पुढे. आता गाडी सहाव्या चावीला सुरू झाली. निम्मा रस्ता संपला तरी अण्णांच्या तोंडून शब्द नाही. माईंना वाटलं, दुखावले. उगाच बोललो आपण, असं वाटून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. वळणावर नाणं खळ्ळकन घरंगळलं.

घराकडे जायचं वळण आलं. अण्णा तिथे वळलेच नाहीत. त्यांनी गाडी सरळ लांबच्या मार्केटच्या रस्त्याला लावली.

"नऊ वर्षं पन्नासच देतेस त्याला?" ते समोर बघत म्हणाले. "महागाई किती वाढलीय. पुढच्या खेपेपासून शंभर दे." त्यांनी घसा खाकरला. "निम्मे माझ्याकडून घे."